टेबलाचा चौथा पाय

कोपऱ्यावरच्या इटालियन रेस्टॉरंटात आठ टेबलं होती आणि त्यातलं एक डुगडुगत होतं. ते डुगडुगतच राहावं ही जबाबदारी गेली नऊ वर्षं एका सुताराने स्वतःहून अंगावर घेतली होती.

दर गुरुवारी संध्याकाळी तो बायकोला घेऊन तिथे जेवायला जाई. बायको नर्स होती, तिची ड्युटी सहाला सुटायची. हे डुगडुगतं टेबल आतल्या कोपऱ्यात, अगदी भट्टीला लागून. तिथून पिझ्झाची कणीक हवेत उडताना दिसायची, गरम पाव सगळ्यांच्या आधी तिथे यायचा आणि परतलेल्या लसणाचा वास तर ऑर्डर न देताच मिळायचा. असं टेबल कुणीही बळकावलं असतं. लोक बसायचेही. मग कुणीतरी कोपर टेकायचं, टेबल कलायचं, सूप मांडीवर यायचं आणि मंडळी उठून खिडकीपाशी जायची. चौथा पाय आखूड आहे तोवर टेबल आपलं, हे सुताराला पहिल्याच महिन्यात कळून चुकलं.

त्यामुळे कुणी त्या पायाखाली कागदाची घडी सरकवली, की सुतार मुद्दाम काटा पाडायचा, उचलायला वाकायचा आणि घडी खिशात घालायचा. घरी अशा घड्यांनी एक खण भरला होता. एकदा बाकीचे तीन पाय झिजून चौथ्याच्या बरोबरीला आले. त्या दिवशी त्याने खिशातल्या छोट्या कानशीने चौथा पाय पुन्हा आखूड केला. त्यासाठी काटा तीनदा पाडावा लागला. दिवसभर लोकांची दारं आणि कपाटं सरळ करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक वस्तू वाकडी ठेवायचा हक्क आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

त्या गुरुवारी मात्र आत पाऊल टाकलं आणि तो दारातच थांबला. कोपऱ्यात आई, बाप आणि दोन मुली निवांत लझान्या खात होते. सुपाच्या वाट्या रिकाम्या होत्या आणि चौघांच्याही मांड्या कोरड्या होत्या.

"मिस्त्री!" पिठाचे हात पुसत मालक धावत आला. "बघितलंत? टेबल ठीक केलं. मी स्वतः! तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट."

"वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे," सुतार म्हणाला.

"म्हणून तर. आयत्या वेळी धावपळ नको."

त्यांना दाराजवळचं टेबल मिळालं. दार उघडलं की रुमाल उडायचा. सुताराने पावाला हातही लावला नाही. तिकडे धाकट्या मुलीने मीठदाणीवर मिरपूडदाणी उभी करून दाखवली. पडली नाही. आपल्या सोफ्यावर चोर पाय पसरून बसलाय आणि वर चहा मागतोय, असं सुताराला वाटलं.

"कोपरा गेला," तो म्हणाला. "आता गुरुवार आणि बुधवारात फरक काय राहिला?"

"अहो, ते जातील आता. गोड मागवलंय त्यांनी, तिरामिसू."

"हे जातील. पुढच्या गुरुवारी दुसरे येतील. स्थिर टेबल कोण सोडतं?"

कुटुंब गेलं, तसे हे दोघं तिकडे सरकले. सुताराने तातडीने काटा पाडला आणि टेबलाखाली गेला.

पायाला लाकडी उलथन्याचा तुकडा ठोकलेला होता. चार खिळे, चारही वेगवेगळ्या दिशांना. शिकाऊ माणसाने असं काम केलं असतं तर त्याने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पण टेबल हलत नव्हतं. त्याने कानस काढली. दोन मिनिटांचं काम.

तेवढ्यात त्याला बायकोचे पाय दिसले. बूट काढलेले, लांब पसरलेले, बोटं गार फरशीवर वाजत होती. नऊ वर्षांत हे दृश्य त्याने पाहिलं नव्हतं. काटा पाडून खाली यायचा तेव्हा तिचा उजवा गुडघा कायम टेबलाला टेकलेला असायचा.

"अगं, तुझा गुडघा कुठंय?" त्याने खालूनच विचारलं.

"सुट्टीवर."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं सूप नऊ वर्षं सांडलं नाही, ते काय आपोआप?" वरून आवाज आला. "दिवसभर वॉर्डात उभं राहायचं आणि संध्याकाळी टेबल धरायचं. गुडघाच तो, जॅक नव्हे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून काटे पाडत होतात."

 सुताराने कानस उलटी धरली आणि तिच्या मोज्याला लागेल असा वर आलेला एक खिळा कानशीच्या मुठीने ठोकून आत बसवला. वर येऊन त्याने मालकाला हाक मारली. पुढचं वाक्य गंजका खिळा उपटावा तसं निघालं.

"मालक, हे टेबल दर गुरुवारी आमच्यासाठी राखून ठेवाल का?"

"आनंदाने! पण नियम आहे. सहा माणसं असली तरच राखून ठेवतो."

"कुणाचा नियम?"

"सासूबाईंचा. लझान्या आणि हा नियम, दोन्ही त्यांनीच शिकवले. दोन्हीत मी काडीचाही बदल करत नाही."

"मग सहा लिहा," बायको म्हणाली.

"वहिनी, टेबल चौघांचं आहे."

"म्हणून तर चौघं येणार नाहीत."

मालकाने बोटांवर हिशेब केला. बरोबर निघाला. "पण न येणाऱ्यांनी आधी कळवायला हवं."

"कळवलं," सुतार म्हणाला.

मालकाने वही उघडून लिहिलं: दर गुरुवार, कोपरा, सहा जण, चौघांना जमणार नाही. मग पेन कानावर ठेवता ठेवता थांबला. "त्यांच्यापैकी कुणाला काही चालत नाही असं?"

"एकाला मशरूम चालत नाहीत," बायकोने सांगितलं.

तेही त्याने लिहून घेतलं. पाच मिनिटांत टेबलावर सहा पाव आले, भट्टीतून थेट, वाफाळते. बायकोने दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि एक पाव तोडला. सुताराने आपला संपवून दुसऱ्याला हात घातला.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

"मशरूमवाल्याचा," तो तोंड भरून म्हणाला. "माणूस चांगला वाटतो."