अर्धा बसलेला खिळा

घाम पुसायला सुताराने टोपी उचलली, पण टोपी उठेना.

"दाजी, ओढू नका," शिडीवरून मेहुणा म्हणाला. हातात खिळे मारायची गन होती. "टोपीत खिळा गेलाय."

"मग काढ की."

"तो टोपीत थांबलेला नाही."

गनचा चाप दाबून ठेवूनच शिडी उतरायची मेहुण्याची सवय, आणि चाप दाबलेला असला की गनचं तोंड कशालाही टेकताच खिळा सुटायचा. आज मध्ये दाजींचं डोकं आलं.

गनला हवा देणारा पाइप कधीचा फुसफुसत होता. म्हणून एकही खिळा धड बसायचा नाही, उरलेला हातोडीने ठोकावा लागायचा. 'पाइप बदल' सांगून सांगून सुताराचं तोंड दुखलं होतं. मेहुण्याचं उत्तर ठरलेलं, 'उद्या बसवतो.'

आताही अर्धा खिळा वर दिसताच त्याचा हात सवयीने हातोडीकडे गेला.

"ती खाली ठेव," सुतार हळूच म्हणाला.

दवाखान्यात खिळा निघाला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला.

"कवटीला हाडाचे दोन कडक थर असतात, मध्ये जाळीदार हाड. खिळा वरच्या थरातून गेला आणि जाळीत अडकला. आतला थर शाबूत आहे."

"म्हणजे प्लायवूडच की," सुतार म्हणाला.

"चांगल्या प्रतीचं निघालं. कानशिलाचं हाड पातळ असतं, तिथे लागला असता तर... आणि इथेही, गनला जोर कमी होता म्हणून बरं."

सुताराने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा फरशीकडे बघत होता.

"उद्यापासून कामावर पाय ठेवू नकोस," सुताराची बायको भावाला म्हणाली. "माझं कुंकू पुसायला निघाला होतास."

"ताई, माझं ऐक तरी."

"ऐकलं असतंस तू, तर पाइप कधीच बदलला असता."

टाके निघाल्यावर सुतार कारखान्यात आला. दारात मेहुणा उभा होता, काखेत नवाकोरा पाइप. आत यायची हिंमत होत नव्हती.

"एवढा बसवतो आणि जातो, दाजी. आता खिळा एका दमात आरपार जाईल."

सुताराने कॉम्प्रेसर सुरू केला. खाली वाकून जुन्या पाइपच्या चिरेवर तळहात धरला. गार वारा बोटांतून निसटत राहिला. बराच वेळ त्याने हात काढला नाही.

मग त्याने नवा पाइप घेऊन खुंटीला टांगला आणि मेहुण्याच्या हातात हातोडी दिली.

"आज राहू दे," तो म्हणाला. "उद्या बसव."