पाहणीपुरतं घर

गिरीराज बिल्डर आमच्याच समाजाचा, म्हणून त्याला सगळे अण्णा म्हणायचे. मीही म्हणायची. आता त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं तडकतं.

इकडे कन्नड मुलखात, बोम्मसंद्र्याला त्याचे दोन टॉवर आहेत. पुढचा पैसेवाल्यांचा, मागचा आमच्यासारख्यांचा. मागचा बांधतोय म्हणून सरकारने त्याला पुढच्यावर जादा मजले चढवू दिले, कर माफ केला, वर अनुदान दिलं. अनुदानाचा शेवटचा हप्ता तेवढा अडला होता. छोट्या घरांत खरोखर माणसं राहायला आल्याचं सरकारी साहेबांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो सुटणार नव्हता. हे मला मागाहून कळलं. तेव्हा आम्ही अर्ज करून वाट बघत बसलो होतो, बस्स.

माझ्या सासूबाई सकवारबाई लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्यांतून राहिल्या. घरमालक बदलले, बोलणी तीच. नळ का सोडला, पाहुणे का आले, खिळा का ठोकला. मी आणि माझा नवरा उमाजी कामावर असताना गिरीराज स्वतः खोलीवर आला आणि त्यांना म्हणाला, "अम्मा, तुमचं नाव लागलं. गुरुवारी या आणि दूध उतू घाला." सासूबाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली. मेल्याने ती खाल्लीसुद्धा!

नव्या घरात आधी दूध उतू घालायचं आणि ती रात्र तिथेच काढायची, घर सोडून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गिरीराजला ती पक्की ठाऊक. स्वतःच्या बंगल्यात त्याने तेच केलं होतं. पण फोटो चांगला यावा या हावेपोटी त्याचं भान सुटलं.

गुरुवारी उमाजीला सुट्टी मिळाली नाही. मी आणि सासूबाई शेगडी, पातेलं, देव घेऊन आलो. नरसिंह साहेब पाहणीला आले तेव्हा दूध वर येतच होतं. ते उतू गेलं आणि सासूबाई लहान मुलीसारख्या हसल्या. गिरीराजच्या माणसाने फटाफट फोटो काढले. साहेबांनी कन्नडात विचारलं, घर आवडलं का? सासूबाईंनी नुसता ओट्याच्या फरशीवरून तळहात फिरवला. साहेब खूश झाले आणि बाकीची घरं बघायला पुढे गेले.

तेवढ्यात एक चष्मेवाला तरुण गवंड्याला घेऊन सरळ आत आला. चपला न काढता.

"अरे, तुम्ही अजून इथेच?" तो म्हणाला. "इन्स्पेक्शन झालं की फ्लॅट रिकामा मिळेल असं कमिट केलं होतं मला."

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"अभिजीत. हा आणि शेजारचा, दोन्ही फ्लॅट मी बुक केलेत. मधली वॉल काढून मोठा हॉल करायचाय." त्याने भिंतीवर टकटक केलं. भिंत पोकळ वाजली. पाडायच्या बोलीवरच बांधली होती ती.

मला असा संताप आला की कानशिलं तापली. गिरीराज धावत आला, त्याने अभिजीतला जिन्याकडे पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

"अक्का, आवाज नको," तो हळूच म्हणाला. "साहेब अजून आहेत. स्वल्प थांबा, मग गाडीने घरी सोडतो. पुढच्या स्कीममध्ये तुमचं नक्की बघतो."

"यांना घर मिळालं म्हणून का सांगितलंत? नाटकच करायचं होतं तर तसं सांगायचं!"

"तसं सांगितलं असतं तर अम्मा अशा हसल्या असत्या का?"

हे तो चक्क समजावणीच्या सुरात बोलला. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

सासूबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, रडतील. त्यांनी पदराने ओटा पुसला, मांडी घातली आणि गिरीराजकडे बघत म्हणाल्या, "दूध उतू गेलंय, अण्णा. आज मला इथून हलता येत नाही."

"अम्मा, ते फोटोपुरतं होतं."

"तुझ्यासाठी. मी देवासमोर घातलंय."

"पाणी तोडीन. लाइट तोडीन. माणसं आणून बाहेर काढीन!"

"आण. साहेब असेपर्यंत आण."

खाली गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी गॅलरीत गेले. नरसिंह साहेब निघाले होते. गिरीराज माझ्या मागोमाग आला. त्याचा सगळा तोरा उतरला होता.

"अक्का," त्याने हात जोडले. "एका समाजातले आपण. माझी अब्रू जाईल. तुम्हाला एक फ्लॅट देतो, आत्ता देतो. फक्त हाक मारू नका."

मी वळून बघितलं. सासूबाईंनी मान हलवली. नाही म्हणाल्या त्या. आयुष्यभर एका दाराची वाट बघितलेली बाई नाही म्हणाली.

"याने आज दिलं तर उद्या काढून घेईल," त्या म्हणाल्या. "हाक मार."

मी कठड्यावरून वाकले आणि होता तेवढा आवाज काढून ओरडले, "साहेब, वर या! शेजारच्या घराची मधली भिंत वाजवून बघा!"