झुंबराखाली बसू नका

मी तुळई बोलतेय. इकडे, वर बघा. झुंबराकडे नको हो, ते सगळेच बघतात! झुंबर जिच्या गळ्यात अडकवलंय, तिच्याकडे बघा.

म्हणींमध्ये मान आमच्या धाकट्या भावकीला, वाशांना. खाल्ल्या घरचे वासे मोजतात, घर फिरलं की वासे फिरतात. तुळईचं नाव कुणी घेत नाही. वरच्या मजल्याचा भार मात्र ती वाहते.

मला घडवलं एका सुतारानं. दर वर्षी जवसाचं तेल चोळायचं, भिंतीत टेकलेली टोकं कोरडी ठेवायची, एवढीच त्याची अट होती. पहिल्या मालकांनी ती पाळली. मग त्यांचे चिरंजीव कर्ते झाले. "लाकूड उघडं दिसलं की गरिबी दिसते," असं त्यांचं मत. त्यांनी माझ्याखाली पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग ठोकलं. त्या अंधारात वरच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या टोकात मुरत राहिलं आणि मला कीड लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

आता राज्य त्यांच्या सूनबाईंचं. यांच्या काळात उघडं लाकूड म्हणजे श्रीमंती झाली. सीलिंग फोडलं, तशी त्या किंचाळल्याच, "अय्या, खरी तुळई!" मीही हरखले. म्हटलं, आता तेल मिळेल, औषध मिळेल.

तेल मिळालं, पण मला नाही. डेकोरेटर बाईंना मी एकटी बरी दिसेना. त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या पोकळ तुळया चिकटवल्या, लाकडाचा रंग दिलेल्या. त्यांना चकाकी यावी म्हणून हप्त्याला तेलाचं पॉलिश. काम काडीचं नाही, थाट मात्र नवऱ्या मुलीचा! माझ्या अंगावरची किडीची भोकं बघून बाई म्हणाल्या, "याला हात लावू नका. असा अस्सल जुनेपणा विकत मिळत नाही." आणि त्याच जागी त्यांनी हे जडशीळ झुंबर टांगलं.

माझा भुसा चहात पडू लागला. सूनबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "खऱ्या लाकडाचं असंच असतं."

एके दिवशी आताच्या मालकांच्या, म्हणजे सूनबाईंच्या नवऱ्याच्या, आत्या आणि त्यांचे यजमान, आतोबा, आणखी चार पाहुण्यांबरोबर जेवायला आले. आतोबा म्हणजे नावं ठेवण्यात पटाईत. जेवण झाल्यावर हात पुसत त्यांनी वर पाहिलं, झाडूचा दांडा मागितला आणि एकेक तुळई ठोकून बघितली. शेजारणी ढब ढब वाजल्या. माझ्यातून मूठभर भुसा त्यांच्या टकलावर पडला.

"सूनबाई, ही मधली तेवढी खरी आहे, आणि तीच आजारी आहे. बाकी नुसता देखावा. झुंबर आजच उतरवा, हिला खालून टेकू द्या आणि सुतार बोलवा."

चार पाहुण्यांसमोर! सूनबाई लालबुंद झाल्या. "खाल्ल्या घरचे वासे मोजायची तुमची सवय काही जायची नाही, आतोबा!"

"अगं, वासे मोजले म्हणून तर कळलं!" आतोबा म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. आत्या बिचाऱ्या अर्धी वाटी खीर तशीच टाकून त्यांच्यामागे गेल्या.

त्यांचं म्हणणं घरात कुणालाच पटलं नाही. पण गंमत बघा, त्या दिवसापासून झुंबराखाली कुणी बसत नाही. सासूबाईंची खुर्ची "वारा लागतो" म्हणून भिंतीला गेली. मालक "उजेड डोळ्यांवर येतो" म्हणून कोपऱ्यात गेले. छोटी नात मध्ये खेळायला लागली की सूनबाई तिला उचलून नेतात. पाहुणे आले की मात्र सगळे एकसुरात म्हणतात, "या ना, मध्ये बसा! संकोच कसला?"

हसू नका. मला रडू येतंय. कारण उद्या डेकोरेटर बाई दिवाणखान्याचा फोटो काढायला येणार आहेत. "अख्खं कुटुंब झुंबराखाली हवं, आणि छोटी पुढे," असं त्यांनी फोनवर सांगितलं. सासूबाईंनी सूनबाईंकडे पाहिलं, सूनबाईंनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे. पहिल्यांदाच नीट पाहिलं हो त्यांनी माझ्याकडे! मी जिवाच्या आकांतानं करकरले. मालकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मी... निळा शर्ट घालू का?"

म्हणून तुम्हाला सांगतेय. ही छोटी रांगत होती, तेव्हापासून मी तिला वरून बघतेय. तिच्या अंगावर पडायचं नाहीये मला. कुणीतरी आतोबांना फोन करा. ते रुसलेत, पण येतील. चूक काढायला मिळत असेल तर ते कुठेही येतात.

आणि लवकर करा. घर फिरलं की वासे फिरतात म्हणे. वाशांचं मला माहीत नाही. तुळई फिरत नाही, बाबांनो. ती सरळ खाली येते.