नऊ नंबरचा कागद

मित्रांनो, कागद कातरणारं एक जुनं यंत्र तुमच्याशी बोलतंय. लोक मला श्रेडर म्हणतात. माझ्या पोटात छत्तीस पोलादी पाती आहेत. वरून कागद घातला की सहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या खाली डब्यात पडतात. एका मोठ्या कागदाच्या बरोबर पस्तीस. उलट फिरायचं बटणही मला आहे, पण त्याने फक्त अडकलेला कागद बाहेर येतो. कातरलेला येत नाही.

माझी पहिली अकरा वर्षं बेलापूरच्या एका ऑफिसात गेली. तिथे अभिराम साहेब मला चालवायचे. त्यांच्यासारखे नीटनेटके हात मी पाहिले नाहीत. ते आधी प्रत्येक कागदाची पिन काढत, कडा जुळवत, मगच तो माझ्या तोंडाशी धरत. पुढे कागदाचा भुगा करणारं नवं यंत्र आलं आणि मी झेरॉक्सच्या खोलीत धूळ खात पडलो. दोन वर्षं माझी वायरही कुणी सोडली नाही.

गेल्या मे महिन्यात साहेबच मला गाडीत घालून सीवूड्सच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊन आले. तिथे मुलांचं लेखन शिबिर भरणार होतं आणि त्यांची मुलगी श्रुती त्यात जाणार होती. शिबिर घेणाऱ्या क्षिप्राताईंना श्रेडर हवा होता. साहेब म्हणाले, "चांगल्या कामाला लागतोय, घ्या." मलाही बरं वाटलं.

क्षिप्राताई पंचवीस वर्षांच्या. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. त्यांचं म्हणणं होतं की मुलं खरं लिहीत नाहीत, कारण आपलं लिहिलेलं कुणीतरी ओळखेल याची त्यांना धास्ती असते. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेसारखी पद्धत बसवली. रोज सकाळी प्रत्येकाने डब्यातून एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावरचा आकडाच कागदावर घालायचा, नाव नाही. कागद सगळ्यांना सारखे, पेनंही सारखी निळी. ताई ते अर्धं-पाऊण पान टाइप करून घेत आणि एकच्या सुमाराला, सगळ्यांसमोर, मूळ कागद माझ्यात घालत. हस्ताक्षर संपलं की ओळखही संपली. "फोटोसुद्धा काढणार नाही, शब्द देते," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

मुलं तेरा होती, अकरा ते चौदा वर्षांची. पहिल्या दिवशी बहुतेकांनी समुद्रकिनारा आणि सुट्टीतली मजा लिहिली. दुसऱ्या दिवशी एकाने लिहिलं की मित्राचा पाय मोडला तेव्हा मला आनंद झाला होता. माझ्याभोवती मुलं कोंडाळं करून उभी राहत. आशुतोष नावाचा एक मुलगा तर मला "श्रेडर काका, जेवलात का?" असं विचारायचा. इतकं कौतुक मला ऑफिसात कधी मिळालं नव्हतं.

आणखी एक रोजची रीत होती, ती श्यामसुंदर काकांची. ते सोसायटीचे माजी सेक्रेटरी, हॉल त्यांच्या शब्दावर मिळालेला. टाइप केलेलं सगळं लेखन एकत्र करून ते पाच वाजता पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत. मुलं काय करतात हे पालकांना दिसलं पाहिजे, असं ते म्हणत. नावं नव्हतीच, नुसते आकडे. त्यात काही बिघडेल असं कुणालाच वाटलं नाही. क्षिप्राताईंनाही नाही.

चौथ्या दिवशीचा विषय होता 'एक घर'. नऊ नंबरच्या कागदावर हे होतं:

"त्या घरात एक मुलगा आहे. चूक झाली की तो खडेमिठावर गुडघे टेकून बसतो. आई समोर वाटाणे सोलत राहते. तिचे वाटाणे संपले की तो उठतो. उठल्यावर गुडघ्यांवर छोटे छोटे चौकोन असतात. तो ते मोजतो. आज सव्वीस होते."

क्षिप्राताईंनी टाइप करता करता ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मुलांना फळ्यावर मिठाचा स्फटिक काढून दाखवला. म्हणाल्या, बघा, मिठाचे कण घनाकार असतात, म्हणून चौकोन. ज्याने कुणी लिहिलंय त्याची कल्पनाशक्ती आणि निरीक्षण दोन्ही जबरदस्त आहेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तो कागद माझ्यात आला आणि मी त्याचे पस्तीस तुकडे केले. पाच वाजता सगळं, ताईंच्या कौतुकासकट, ग्रुपवर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शिरवणे गावच्या पुतळाबाई हॉल झाडत होत्या. क्षिप्राताई लवकर आल्या होत्या. चहा पिता पिता त्यांनी कौतुकाने तो मजकूर पुतळाबाईंना वाचून दाखवला. पुतळाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला.

"ताई, ही गोष्ट नाय," त्या म्हणाल्या. "माझा बाप मिठागरात होता. मिठावर टेकल्यावर चौकोन उठतात, ते टेकल्याबिगर कोनाला कलत नाय."

क्षिप्राताईंनी चहाचा कप खाली ठेवला. मीठ घनाकार असतं हे पुस्तकात असतं. कातडीवर त्याचे छाप किती उमटतात ते पुस्तकात नसतं.

त्यांनी माझा डबा ओढून बाहेर काढला. तेवढ्यात श्यामसुंदर काका आले. मुलांना शब्द दिलाय तो मोडू नकोस, असं त्यांनी समजावलं. मुलं काहीही रचतात, आणि खोटं निघालं तर सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. क्षिप्राताई म्हणाल्या, "काका, शब्द मी मोडते. तुम्ही फक्त पंखा बंद करा."

डबा रोज रिकामा होत असे, म्हणून फरशीवर फक्त कालच्या चारशे पंचावन्न पट्ट्या पसरल्या. डब्यात पट्ट्या थराथराने पडतात, आणि काल नऊ नंबर शेवटच्या दोनतीन कागदांत होता, म्हणून ताईंनी वरचा थर आधी घेतला. मजकूर त्यांना पाठ होता. पुतळाबाई पट्ट्या उचलून देत होत्या, ताई चिकटवत होत्या. पाऊण तासाने तीन ओळी उभ्या राहिल्या. अक्षर डावीकडे झुकलेलं होतं, काने लांब होते. ताईंनी टेबलावरच्या नावाच्या पाट्या आणल्या. त्या मुलांनी पहिल्या दिवशी स्वतः लिहिल्या होत्या. सातवी पाटी जुळली. तिच्यावर 'श्रुती' असं लिहिलं होतं. कागदावर तिने स्वतःला मुलगा केलं होतं.

नऊ वाजता मुलं येऊ लागली. बारा आली.

ताईंच्या हाताला गोंद होता, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. अभिराम साहेबांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. श्रुतीला जरा बरं नाही, ते म्हणाले, आम्ही सगळे गावाला निघालोय. शिबिर छान चाललंय.

"सर, मला तिच्याशी दोन मिनिटं बोलायचं होतं. तिच्या लेखनाबद्दल."

"झोपलीये ती. आणि मॅडम, तो नऊ नंबर मनावर घेऊ नका. कल्पनाशक्ती आहे तिची. तुम्हीच तसं म्हणालात ना काल?"

क्षिप्राताईंनी नऊ हा आकडा उच्चारलाच नव्हता.

त्यांनी लगेच १०९८ ला, मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, फोन केला. दुपारी त्यांच्याकडच्या दोन बाया येऊन गेल्या. त्यांनी चिकटवलेला कागद पाहिला आणि मूळ कागद आहे का, असं विचारलं. ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांच्या घराला कुलूप होतं. गावचा पत्ता अर्धवट निघाला. शाळा सुरू झाली तेव्हा ताई आठवडाभर फाटकापाशी उभ्या राहिल्या. मग कळलं की श्रुतीचा दाखला केव्हाच काढून नेलाय. चौकशी चालू आहे, एवढंच अजून त्यांना सांगतात. पुतळाबाई अधूनमधून विचारतात, ताई नकारार्थी मान हलवतात.

आता मी हॉलच्या माळ्यावर आहे. माझी पाती गंजतायत, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. आम्ही त्या मुलीची ओळख इतकी काटेकोर लपवली, की तिला मदत करू शकणाऱ्या माणसाला ती शोधावी लागली. ज्याच्यापासून लपवायची होती त्याला हस्ताक्षराची गरजच पडली नाही. त्याने घरबसल्या, फोनवर, सात ओळींत तिला ओळखलं.

म्हणून मित्रांनो, मनातलं कागदावर उतरवा, पण फक्त कागदावर सोडू नका. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका तरी माणसाला सांगा, की हे माझं आहे आणि हे खरं आहे. आणि हे वाचणाऱ्या मोठ्यांनो, मुलाने दुःख फार नेमकं लिहिलं तर टाळ्या वाजवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा.

त्या दिवशी तिचा कागद माझ्यातून जात होता तेव्हा श्रुती सगळ्यात पुढे उभी होती. शेवटची पट्टी पडेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने मोठा श्वास सोडला, सुटल्यासारखा, आणि डबा घेऊन खाऊ खायला बसली.