कोरडी टाकी

तिने कुंडीतली फांदी अलगद उपटली. बूड काळं पडलेलं, बोटांना बुळबुळीत लागलं. ही तिसरी. धाकट्या लेकीने आपल्या अंगणातल्या अनंताच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या होत्या; आता कुंडीत एकच उरली. पुन्हा मागायची सोयही नव्हती. धाकटी ते घर सोडून लांब चालली होती, आणि झाड काही पेटीत घालून नेता येत नाही.

कुजकी फांदी घेऊन ती नर्सरीवालीकडे गेली. कुंडी तिच्याकडचीच. तळाला पाण्याची टाकी, तिथून मातीला ओल पोचवणारी वात, पाणी किती ते दाखवणारी लाल काडी.

“मावशी, सांगितलं होतं ना? मुळं फुटेपर्यंत टाकी कोरडी. वरून चमचाभर पाणी पुरे. दात यायच्या आधी बाळाला चणे चारता का?”

“पहिल्या दोन माझ्याच हातून गेल्या, कबूल. पण तू सांगितल्यापासून टाकीत थेंब घातला नाही गं.”

“मग घरात दुसऱ्या कुणाच्या तरी मायेला पूर आलाय.”

घरात होतंच कोण? ती आणि घड्याळं दुरुस्त करणारा तिचा नवरा. धाकटी स्वतःच्या मर्जीने लग्न करून गेली, त्या दिवशी त्यांनी डोळ्याला भिंग लावून मान खाली घातली ती घातलीच. लेकीचं नाव पुन्हा तोंडातून निघालं नाही. फांद्या आल्या तेव्हाही “हा कसला पालापाचोळा?” एवढंच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराआड थांबली. भिंग कपाळावर सारून ते कुंडीपाशी वाकले होते. आपल्या पेल्यातलं पाणी टाकीत बारीक धारेने सोडत होते. लाल काडी वर आली तसे थांबले, आणि घड्याळाच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने कुंडीचा काठ पुसला.

‘अहो, बुडवलीत ना!’ तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने मुद्दाम एक झाकण पाडलं. ते लगबगीने आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

भाजी घेऊन ती बाहेर आली, चिरायला बसली.

“ती फांदी तहानेने नाही मरत हो. पाण्याने मरते. मुळंच नाहीत तिला अजून, टाकी भरली की गुदमरते.”

त्यांच्या हातातला चिमटा थांबला.

“मग करायचं काय?”

“सावलीत ठेवायची. आणि हात आवरायचा.”

“बस? एवढंच?”

“एवढंच. सोपं नाही ते. मलाही जमलं नव्हतं.”

ते उठले. टाकीचं बूच काढून पाणी मोरीत सोडलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत कुंडी तिरकी धरून उभे राहिले. मग तिच्याकडे पाठ करूनच म्हणाले,

“पोरीच्या नव्या घरात ऊन येतं का गं?”

तिला सगळं ठाऊक होतं. पूर्वेची खिडकी, तिच्यापुढचा अरुंद कट्टा, कट्ट्यावर धाकटीने आत्तापासून ठरवून ठेवलेल्या जागा.

“मला काय माहीत?” ती भाजीवरची नजर न काढता म्हणाली. “तिलाच विचारा.”