चौदा नंबरचा बिल्ला

ईस्टरची सगळी सुट्टी कॉलिन ट्रेगिअरने घरामागच्या शेडमध्ये काढली. पितळी पत्र्यातून त्याने बाटलीच्या झाकणाएवढ्या सव्वीस चकत्या कापल्या, कानशीने कडा घासल्या, प्रत्येकीवर नंबर ठोकला आणि वर भोक पाडलं. मग सव्वीस खिळ्यांची एक फळी केली. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"माझ्या अंगठीसाठी एवढी मेहनत घेतली नव्हतीस."

"ती दुकानातून आणली होती."

"तेच म्हणतेय मी."

बर्नी गावातल्या एका शाळेत तो बावीस वर्षं इतिहास शिकवत होता. दहावीच्या वर्गाला ब्लॅक स्परच्या बंद तांब्याच्या खाणीत न्यायचं, म्हणून अकरा वर्षं अर्ज करत होता. कधी विमा आडवा यायचा, कधी हवामान. यंदा नव्या मुख्याध्यापिकेने सही केली आणि पेन खाली न ठेवताच म्हणाली, "जेवढी नेशील तेवढी परत आण, कॉलिन. मला बाकी काही नको."

"सव्वीस नेतोय, सव्वीस आणतो," तो म्हणाला. त्या रात्री त्याला धड झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

सहलीच्या दिवशी बसमध्ये तो माइक घेऊन उभाच राहिला. वळणावळणाला तोल जात होता.

"सर, बसा ना," पहिल्या बाकावरून ब्रॉन्टे म्हणाली. तिला बस लागायची. "तुमच्याकडे बघून मलाच उलटी येतेय."

"इतिहासाने आजवर कुणाला उलटी झालेली नाही."

"मागच्या चाचणीत झाली होती, सर," मागून कुणीतरी ओरडलं, आणि बस हसली. कॉलिनही हसला. मग त्याने आपली गोष्ट सुरू केली. ती त्याने स्वतः शोधली होती, होबार्टच्या दप्तरखान्यात तीन उन्हाळे बसून.

खाणीत उतरताना प्रत्येकाने फळीवरून आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा, वर आल्यावर परत टांगायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. एकोणीसशे एकवीसच्या ऑक्टोबरात पंपाच्या खोलीतल्या लाकडाला आग लागली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. धुरापेक्षा तोच जास्त मारतो. माणसं धावत वर आली. अकरा जण हवेसाठी खणलेल्या उभ्या विहिरीतल्या शिडीने निघाले. फळी भरली तेव्हा आग विझवण्यासाठी खाणीचं तोंड मातीने बंद केलं. चौथ्या दिवशी उघडलं, तर मातीच्या आतल्या बाजूला एकसष्ट नंबरचा वॉल्टर हॉस्किंग बसलेला होता. त्याचा बिल्ला फळीवर होता. तो हत्यारं आणायला मागे वळला होता आणि बिल्ला त्याच्या मित्राने, जिम ऑजर्सने, टांगला होता.

"ऑजर्सची साक्ष ऐका," कॉलिनने आवाज खाली आणला. हे वाक्य त्याला फार आवडायचं. "'वॉल्टर म्हणाला, टांग तेवढा, आलोच मी. मला वाटलं, आला असेल.'"

टिगन मॉर्कोमने हात वर केला. तिला नेहमीच काहीतरी विचारायचं असायचं.

"पण सर, डोकी कुणीच मोजली नाहीत?"

"शंभरावर माणसं, धूर, पळापळ. डोकी कशी मोजणार? म्हणून तर फळी."

"मग चूक कुणाची?"

"ऑजर्सची. दुसऱ्याचा बिल्ला टांगायचा नसतो. आणि आज आपलाही नियम तोच." त्याने झोळीतून फळी काढली. बस हसली, टाळ्या पडल्या. खाणीशी उतरताना एकेकाने आपला बिल्ला उचलला. टिगनचा चौदा, ब्रॉन्टेचा पंधरा.

खाणीचा राखणदार नेव्ह झोपडीसमोर जनरेटर चालू करून उभा होता. "काय मास्तर, आलात एकदाचे? मला वाटलं, तुमच्याआधी मीच वर जाणार." त्याने बोगद्याचं जाळीचं दार उघडलं. लोकांना आत जायला फक्त साठ मीटर मोकळे होते. त्यापुढे एक फळकूट आडवं लावलेलं होतं आणि त्यावर लाल अक्षरांत सूचना होती.

"याच वाटेने ते अकरा जण निघाले," कॉलिनने फळकुटापलीकडे बोट केलं. "पुढे वळण, मग शिडी, मग उजेड." त्याचा आवाज बोगद्यात घुमला आणि त्याला वाटलं, बावीस वर्षांत आपण आज पहिल्यांदा खरं शिकवलं.

अडीच वाजता पाऊस झोडपू लागला. बस खाली पायवाटेच्या टोकाला होती. बसच्या दारात कॉलिन फळी धरून उभा राहिला. भिजलेले हात पटापट बिल्ले टांगत होते, आणि कॉलिन कुणाला तरी एकसष्ट नंबरचा हॉस्किंग कुठे सापडला ते सांगत होता.

मदतीला आलेली शेली म्हणाली, "मी एकदा डोकी मोजते."

"कशाला? फळी बघ ना. भरली." त्याने ती तिच्यापुढे धरली. सव्वीस बिल्ले पावसात चमकत होते. "शंभर वर्षांनी पण चालते बघ!"

नेव्ह आपल्या चारचाकी मोटरसायकलवर बसूनच ओरडला, "मास्तर, आत कुणी नाही ना? कुलूप घालतो."

"कुणी नाही! सव्वीसच्या सव्वीस!"

नेव्ह वर गेला. जनरेटर बंद केला, बसल्या जागेवरूनच दार ओढलं, साखळी घातली आणि दुसऱ्या रस्त्याने गावात निघून गेला. त्याच्या गाडीच्या इंजिनचा आवाज फार मोठा होता.

चाळीस मिनिटांनी एका पेट्रोल पंपावर ब्रॉन्टेसाठी बस थांबवावी लागली. ती उलटी करून सरळ झाली आणि म्हणाली, "टिगनला सांगा ना कुणी, माझी पाण्याची बाटली तिच्याकडे आहे."

मागच्या बाकांवर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"टिगन तुझ्याबरोबर होती," कुणीतरी म्हणालं.

"नाही, मी पुढे बसले. ती मागे..." ब्रॉन्टे कॉलिनकडे वळली. तिच्या हनुवटीवर अजून ओलं होतं. "ती फोन बोगद्यात विसरली होती, सर. म्हणाली, माझा पण टांग."

परत जायला पुन्हा चाळीस मिनिटं. त्या रस्त्यावर फोन लागत नाही. पंपावरून पोलिसांना कळवून ते निघाले. बसमध्ये कुणी रडत नव्हतं. कॉलिन हिशोब करत होता: बोगद्यात बाराही महिने नऊ अंश. ओले कपडे. दीड तास. नऊ अंशांत दीड तासाने माणूस मरत नाही. त्याने हे तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा उत्तर बरं आलं.

जाळीच्या दाराला आतून टिगनचा शाळेचा मफलर बांधलेला होता, दोन गाठी मारून. म्हणजे ती इथे उभी राहिली होती. ओरडली होती. ड्रायव्हरने साखळी कापली.

"टिगन!" कॉलिन आत धावला. फळकूट बाजूला सरकवलेलं होतं. तो वाकून पलीकडे गेला, वळणावर आला आणि त्याला दूर पांढरा उजेड दिसला. फोनच्या टॉर्चचा.

"सापडली!" तो मागे ओरडला. शेलीचा हुंदका त्याला ऐकू आला. "शेली, सापडली! टिगन, थांब तिथेच, आलोच मी!"

तो धडपडत पुढे जात राहिला. उजेड जागचा हलला नाही. जवळ गेल्यावर त्याला वर शिडी दिसली, तिची तुटलेली पायरी दिसली, आणि मग खाली पाहावं लागलं.

चौकशी नऊ महिन्यांनी झाली. फळी टेबलावर पुरावा म्हणून ठेवली होती, सगळे बिल्ले जागच्या जागी. आधी ब्रॉन्टेला बोलावलं. ती बारीक झाली होती. शाळा तिने सोडली होती. गावात तिला लोक काय म्हणायचे ते कॉलिनच्या कानावर आलं होतं.

"ती म्हणाली, टांग तेवढा, आलेच मी," ब्रॉन्टे म्हणाली. "मला वाटलं, आली असेल."

कॉलिनला ते वाक्य पाठ होतं. अकरा वर्षं प्रत्येक वर्गापुढे आवाज खाली आणून त्याने ते म्हटलं होतं. आदल्या आठवड्यात त्याने जुन्या चौकशीची झेरॉक्स पहिल्यापासून पुन्हा वाचली होती. एका गोष्टीसाठी. त्या दिवशी फळीपाशी उभा असलेला, 'भरली' म्हणून खाणीचं तोंड बंद करायला सांगणारा माणूस कोण होता? एकशे बारा पानांत तो एकदाच येत होता: 'हजेरी कारकून'. नाव नव्हतं. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. ऑजर्स पुढच्या वर्षी गाव सोडून गेला, एवढं मात्र शेवटच्या पानावर कुणीतरी नंतर टिपून ठेवलेलं होतं.

मग कॉलिनला बोलावलं. शाळेच्या वकिलाने त्याला बाहेर समजावलं होतं: नियम स्पष्ट सांगितला होता, मुलीने तो मोडला, एवढंच बोला.

"आपण नियम समजावून दिला होता?" वकिलाने विचारलं.

"हो."

"दुसऱ्याचा बिल्ला टांगायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं?"

कॉलिनने ब्रॉन्टेकडे पाहिलं. ती मान खाली घालून नखं खात होती.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण डोकी मोजायचं काम तिचं नव्हतं. शेली मोजणार होती, मी मोजू दिलं नाही. आत कुणी नाही, असं नेव्हला मी सांगितलं. शिडीची वाटही मीच दाखवली."

"मिस्टर ट्रेगिअर, प्रश्न एवढाच होता..."

"माझं नाव लिहून घ्या," कॉलिन लेखनिकाकडे वळून म्हणाला. "नुसतं 'शिक्षक' लिहू नका. पूर्ण नाव लिहा."

लेखनिकाने वर पाहिलं आणि स्पेलिंग विचारलं. कॉलिनने एकेक अक्षर सावकाश सांगितलं. ब्रॉन्टेने मान वर केली नाही. टिगनची आई उठून बाहेर गेली, आणि तिच्यामागे दार हळूच बंद झालं.