सुतकातला संदल

शहात्तर साली कोंढ्यात जीपचा आवाज आला की तरणेताठे गडी कापलेलं धान तसंच टाकून जंगलात पळत. जीप नसबंदीवाल्यांची. शेजारच्या गावच्या बाजारातून त्यांनी दोघांना उचललं होतं, त्यांतल्या एकाचं तर अजून लग्नही व्हायचं होतं.

तीच जीप एके दिवशी तळ्याच्या पाळीवरच्या दर्ग्यापुढे थांबली. मुजावर गफूरशाच्या हातातला मोरपिसांचा कुंचा गळून पडला.

"उर्साच्या दिवशी आमच्या शिबिराचा मांडव इथंच टाकतो," जीपमधून उतरलेले साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त नगारा वाजवा. लोक आले की बाकी आम्ही पाहू. नाही वाजला तर उरूसही बंद आणि तुम्हीही आत. आणीबाणी आहे, माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं! गफूरशानं नागपूरला गादीच्या पीरसाहेबांकडे माणूस धाडला. निरोप आला: आपल्या सिलसिल्यानं, गुरुपरंपरेनं, भोसले पाहिले, इंग्रज पाहिले, वाकून राहा, वारं जाऊ दे. निरोप शहाण्याचा होता खरा, पण पीरसाहेबांना नागपुरात बसून वाकायचं होतं आणि गफूरशाला आपल्याच गावच्या माणसांना फशी पाडावं लागणार होतं. रानात लपलेले गडीसुद्धा नगारा ऐकून येणार. दर्ग्यातल्या बाबांच्या दारात कोण हात लावतो, अशी त्यांची भाबडी समजूत.

उर्साच्या आदल्या संध्याकाळी तो पुंडलिकराव पाटलांकडे गेला. संदलाचा मान त्यांचा. चंदनाची वाटी त्यांच्या देव्हाऱ्यापुढून उठायची, मग नगारा वाजायचा. पाटलांकडे सुतक असलं तर त्या साली ना संदल, ना नगारा. दर्गा मुसलमानांचा, सुतक हिंदूचं. कोंढ्यात त्याचं कोणाला नवल नव्हतं.

"मी काय करू, गफूरभाऊ?" पाटील म्हणाले. "मलेही धमकी देऊन राहिले. संदल नाही काढला तं मलेच धरून नेतीन."

दोघं भ्यालेले पुरुष ओसरीवर बसून होते. आत पाटलांची आई, चंद्रभागाबाई, वाती वळत सारं ऐकत होती.

तिचा धाकटा मुलगा डोमा बारा वर्षांमागे घरातून गेला, तो गेलाच. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळा, क्रियाकर्म उरका, असं सांगून भाऊबंद थकले. म्हातारी हटून बसली होती. डोमा जिता आहे, म्हणायची. दर उर्साला दर्ग्याच्या जाळीला त्याच्या नावाचा धागा बांधायची. गाठ गफूरशाच मारून द्यायचा.

ती उंबऱ्यात आली. "पुंडलिक, सकाळी पळसाची पानं आणजो. डोमाचं उरकून टाकू."

"माय, काहून असं बोलतेस?"

"सुतकात संदल उठत नाही ना? मंग झालं."

उर्साच्या दिवशी मांडव पडला, जीप आली. पण नगारा गप्प आणि वाटा ओस.

"नगारा कुठं आहे?" साहेब ओरडले.

"पाटलांकडे सुतक पडलं, साहेब." गफूरशानं तळ्याकडे बोट दाखवलं. तळ्यापलीकडून धूर वर चढत होता, आणि पाटील भादरलेल्या डोक्यानं ओल्या धोतरात उभे होते. साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. पण तेही घरी सुतक पाळणारेच. "पुढं पाहतो तुम्हा दोघांना," एवढं बोलून ते निघाले. ते खरंच पाहणार, याची गफूरशाला खात्री होती.

दिवस मावळताना चंद्रभागाबाई दर्ग्याच्या फाटकाशी आली. सुतक म्हणून बाहेरच थांबली. गफूरशाला तिच्याकडे पाहवेना.

"माय, आता धागा सोडू का?"

"नको!" ती केवढ्यानं तरी ओरडली. मग फाटकाचे गज धरून हळूच म्हणाली, "गफूर, तो कुठं जिता असन, तं आज मी त्याले जाळलं का रे?"

दुखल्याखुपल्याला बाबांच्या नावानं धीर देणारा तो मुजावर फाटकापासून वळला. तो जाळीपाशी गेला आणि डोमाच्या धाग्याला वरून आणखी एक गाठ मारू लागला. जुन्या गाठीवर ती काही केल्या बसेना.